मेंदूचे मोजमाप कोणत्या मापाने?

अपघातात डोक्याला मार बसलेला मनुष्य शुद्धीवर आला, हिंडू-फिरू लागला, की घरची माणसे देवापुढे नारळ फोडतात. दोन महिन्यांनी तो कचेरीत रुजू होतो आणि साधा जमाखर्च जुळवताना थकून जातो, सांगितलेले विसरतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो. सी.टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा काही आढळत नाही. साहजिकच कचेरीत तो कामचुकार ठरतो आणि घरात तऱ्हेवाईक. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,४३,३६६ लोक रस्ते-अपघातांत जखमी झाले. हाड सांधले की उपचार संपले, अशी मात्र आपली समजूत आहे.

अशा माणसाची स्मृती, अवधान, भाषा, नियोजनशक्ती ही काही तास समोर बसवून पद्धतशीर तपासणाऱ्यास क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणतात. आपण त्यास मज्जामानसतज्ज्ञ म्हणू. स्कॅन मेंदूची रचना दाखवतो, हा तज्ज्ञ त्याचे कार्य मोजतो. दोहोंत किती अंतर असू शकते, हे हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाने जगाला शिकवले. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही अंतर्भाग काढण्यात आला. झटके कमी झाले. पण नवी आठवण मनात टिकेना. ब्रेंडा मिलनर यांनी केलेल्या चाचण्यांत त्याची बुद्धी शाबूत आणि स्मृती मात्र नष्ट झालेली आढळली. आज अपस्मारावरील शस्त्रक्रियेपूर्वी अशी तपासणी करतात, ती या अनुभवातूनच.

या कामाचे शिक्षण दीर्घ आहे. अमेरिकेत डॉक्टरेटनंतर दोन वर्षांची निवासी उमेदवारी असावी, असा दंडक १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने घालून दिला. आपल्याकडे एम.ए.नंतर दोन वर्षांचा एम.फिल. हा रुळलेला मार्ग. बंगळूरची 'निमहान्स' हे त्याचे प्रमुख पीठ. नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, तीही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. पदवीच रद्द झाली. या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. पदवीच्या नावाचे मला फारसे सोयरसुतक नाही. प्रश्न आहे तो अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली रुग्णांसमवेत घालवलेल्या तासांचा. एका मार्गदर्शकाच्या हाताखाली मोजकेच विद्यार्थी तयार होतात. शंभर बाके मांडून हे शिक्षण स्वस्त करता येत नाही. म्हणूनच शुल्कावर चालणाऱ्या संस्थांना त्यात कात्री लावण्याचा मोह होणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

परंतु तज्ज्ञ तयार झाला तरी त्याच्या हाती माप कोणते? निर्देशांकाला जसे आधारवर्ष, तसे चाचणीतील गुणांना प्रमाणक लागते. तीसपैकी एकवीस गुण हा आकडा स्वतः काहीच बोलत नाही. त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या निरोगी माणसांना किती मिळतात, हे कळल्यावरच त्याला अर्थ येतो. जन्मात पेन्सिल न धरलेल्या सत्तरीच्या बाईस घड्याळ काढायला सांगावे आणि ते बिघडले म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारावा, हा अन्यायच होय. उलट, उच्चशिक्षित माणसाची खरी घसरण त्याच चाचणीतून निसटून जाऊ शकते.

आपल्याकडे याची जाण नाही असे नव्हे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी बेतलेली हिंदी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. 'निमहान्स'ने २००४ साली आपला चाचणीसंच सिद्ध केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या बहुभाषिक संचात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषा होत्या. मराठी त्यांत नव्हती. साठीपुढील भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. स्त्रिया, ग्रामीण आणि अशिक्षित यांच्यात हे प्रमाण अधिक आढळले. नेमक्या याच वर्गाच्या बाबतीत आयात माप सर्वाधिक फसते.

प्रमाणके ही शुद्ध सार्वजनिक वस्तू आहे. एकदा तयार झाली की सर्वांच्या उपयोगी पडतात, म्हणून कोणतेही खासगी रुग्णालय त्यांवर पैसा घालणार नाही. हा खर्च सरकारचाच. त्याला यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित परीक्षक, प्रवासभत्ता आणि चिकाटी लागते. राज्यातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी हे काम वाटून घ्यावे. एकट्या पुण्याच्या नमुन्यावर मात्र भागणार नाही. वऱ्हाडातील बोली वेगळी, कोकणातली वेगळी; आणि सुरुवात करायची तर शाळेची पायरी न चढलेल्या वृद्ध स्त्रियांपासून करावी.