बोअर म्हणजे शेतकरी, मग कसणारा कोण?



दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाची गोष्ट सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. एका बाजूला अर्ध्या जगावर राज्य करणारा इंग्रज, दुसऱ्या बाजूला मूठभर डच शेतकरी. 'बोअर' या डच शब्दाचा अर्थच मुळी शेतकरी. तेव्हा आपण बोअरांच्या बाजूचे, हिशेब सोपा. आमचे म्हणणे असे की हा हिशेब अपुरा आहे. जमीन कसणारा तिसरा माणूस त्यात धरलेलाच नाही.

भांडण कशाचे होते ते आधी पाहू. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली केपला ठाणे मांडले ते येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना भाजीपाला आणि मांस पुरवण्यासाठी. तेथली कुरणे खोइखोइ गुराख्यांची होती. ती हळूहळू गोऱ्यांच्या वाड्यांत गेली. पुढे इंग्रजांनी १७९५ मध्ये आणि पुन्हा १८०६ मध्ये केप घेतले. १८३४ साली तेथे गुलामगिरी कायद्याने संपली. बोअरांचे फुकटचे मजूर गेले, आणि भरपाई घ्यायला लंडनचा दरवाजा गाठावा लागणार होता. इंग्रजी अंमलावर आधीच चिडलेल्या हजारो बोअरांनी बैलगाड्या जुंपल्या आणि ते उत्तरेकडे निघाले. ही जमीन ओसाड नव्हती. तेथे सोथो, त्स्वाना, झुलू, नदेबेले लोकांची शेते आणि गुरे होती. याच जमिनीवर बोअरांची ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही राज्ये उभी राहिली. इंग्रजांनी १८५२ आणि १८५४ मध्ये त्यांना मान्यता दिली.

मग १८६७ मध्ये हिरा सापडला. हिऱ्याच्या जमिनीवर ग्रिक्वांनी, त्स्वानांनी आणि दोन्ही बोअर राज्यांनी हक्क सांगितला. १८७१ मध्ये इंग्रजांनी ती आपल्या ताब्यात घेतली. १८७६ मध्ये फ्री स्टेटला ९०,००० पौंड देऊन तंटा मिटवला. म्हणजे एका गोऱ्याने दुसऱ्या गोऱ्याला पैसे मोजले. ग्रिक्वांच्या हाती मात्र जमीनही राहिली नाही. १८८६ मध्ये ट्रान्सवालात सोने निघाले आणि १८९९ मध्ये युद्ध पेटले.

या युद्धात बोअर कुटुंबांनी जे भोगले ते खोटे नाही. इंग्रज फौजेने सुमारे ३०,००० शेतघरे जाळली, उभी पिके आणि गुरे नष्ट केली, बायकापोरांना छावण्यांत कोंडले. तेथे सुमारे २८,००० बोअर मेले, त्यांत बहुतेक लहान मुले. हे क्रौर्यच होते. पण काळ्या माणसांच्याही वेगळ्या छावण्या होत्या. ते याच शेतांवरून उचलून आणलेले लोक. त्यांच्यातले किमान १४,००० मेले. त्यांची नोंदही धड ठेवली गेली नाही.

३१ मे १९०२ ला तह झाला. घरे उभारायला आणि शेती पुन्हा चालू करायला इंग्रजांनी बोअरांना तीस लाख पौंड दिले. आणि आठव्या कलमात लिहिले की, काळ्यांच्या मताधिकाराचा प्रश्न या वसाहतींना स्वराज्य मिळेपर्यंत काढायचा नाही. म्हणजे ज्यांनी तो हक्क नाकारला असता त्यांच्याच हाती निर्णय दिला. १९१० मध्ये चारही वसाहतींचे एक राज्य झाले. कालचा बोअर सेनापती लुई बोथा त्याचा पंतप्रधान झाला. भांडणारे दोघे एका बाकावर बसले.

त्या बाकावरून १९१३ चा जमीन कायदा आला. देशातले सुमारे दोन तृतीयांश लोक आफ्रिकन. त्यांच्या वाट्याला सुमारे सात टक्के जमीन. तिच्याबाहेर त्यांनी जमीन विकत घ्यायची नाही, खंडाने करायची नाही. फ्री स्टेटमध्ये हजारो आफ्रिकन कुटुंबे स्वतःचे बैल, स्वतःचा नांगर, स्वतःचे बियाणे घालून गोऱ्याची जमीन अर्ध्या वाट्याने करीत होती. आपल्या भाषेत बटई. कायद्याने ही बटई बंद केली. बैलांसह गोऱ्याचा गडी व्हा, नाहीतर चालते व्हा. पत्रकार सोल प्लाइकी त्या हिवाळ्यात सायकलवरून फिरले. त्यांनी गुरांसह रस्त्यावर आलेली कुटुंबे पाहिली आणि १९१६ मध्ये त्यावर पुस्तक काढले.

आपला माणूसही हे पाहून आला होता. नाताळच्या उसाच्या मळ्यांत करारावर गेलेल्या हिंदी मजुरावर, करार संपल्यावर, वर्षाला तीन पौंडांचा कर होता. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तेथे जाऊन बोथा आणि स्मट्स यांना भेटले. तो कर मिटला १९१४ मध्ये, पण त्याआधी हजारो मजुरांना काम बंद करून तुरुंग पाहावा लागला. भेटीने नव्हे, संपाने मिटला.

जमीन कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. १९९४ नंतर जमिनी परत देण्याचे काम सुरू झाले. तरी २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडेच निघाली. एका कागदाने गेलेली जमीन दुसऱ्या कागदाने तितक्या लवकर परत येत नाही.

शेतकी महाविद्यालयात शिकवतात की ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या पिकवणारा शेतकरी मात्र धड्यात नसतो. बोअर युद्धाच्या गोष्टीतही तो नसतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच. 'शेतकरी' हे नाव लावले म्हणून कोणाची बाजू आपोआप न्यायाची ठरत नाही. नांगर कोणाच्या हातात होता आणि तहाच्या कागदावर सही कोणाची होती, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींची उत्तरे एक नसतील, तर तो तह शेतकऱ्याचा नव्हे.