इंटरनेटचा सातबारा आणि फेरफाराचा घोळ

जमिनीतली फसवणूक आपल्याला लगेच कळते. मेलेल्या माणसाची सही, खोटं कुलमुखत्यारपत्र, तलाठ्याला हाताशी धरून फेरफार. अगदी हेच प्रकार इंटरनेटच्या पत्त्यांत, म्हणजे आयपी ॲड्रेसमध्ये चालतात. पण त्यावर बोलतं कोण?

आधी हिशोब बघा. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आपल्या आशिया-पॅसिफिकचा त्याच एप्रिलमध्ये. वस्तू संपली की बाजार सुरू होतो. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. म्हणजे एक पत्ता सव्वाअकरा डॉलरला. दहा वर्षांनी तोच भाव पन्नास डॉलरच्या घरात गेला.

एवढा पैसा आला की मागोमाग भामटे येणारच. अमेरिकेत मिकफो नावाच्या कंपनीच्या मालकाने कागदावरच्या कंपन्या काढल्या, खोटी प्रतिज्ञापत्रं दिली आणि साडेसात लाखांवर पत्ते लाटले. २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आफ्रिकेत तर कुंपणानेच शेत खाल्लं. तिथली नोंदणी संस्था आफ्रिनिक. तिच्या नोंदींत आतूनच फेरफार होऊन सुमारे ४१ लाख पत्ते गायब झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. पुढे ६२ लाख पत्ते घेतलेल्या एका कंपनीशी वाद पेटला. आफ्रिकेसाठीचे पत्ते बाहेर भाड्याने देता येतात का, हा मुद्दा. कंपनीचं म्हणणं, नियमात बंदी नाही. २०२१ मध्ये मॉरिशसच्या कोर्टाने आफ्रिनिकची बँक खातीच गोठवली आणि पुढची काही वर्षं ती संस्था जवळजवळ ठप्प होती.

काही जण म्हणतात, मग विक्रीच बंद करा. मला हे पटत नाही. विक्री बंद केली तर व्यवहार थांबणार नाही, फक्त नोंदीबाहेर जाईल. साठेखतावर जमीन विकतात तसं. वर हजारो पत्ते वापराविना पडून राहतील ते वेगळंच. दुसरे म्हणतात, बाजाराला मोकळं सोडा. तेही नको. पत्ता ही शेवटी वहीतली एक नोंद आहे. वहीवरचा विश्वास उडाला तर विकत घेतलेल्या पत्त्याला किंमत काय राहिली?

म्हणून विक्री चालू ठेवा, पण फेरफार कडक करा. विकणारी कंपनी खरी आहे का, सही करणाऱ्याला अधिकार आहे का, हे तपासा. नवा मिळालेला पत्ता लगेच विकू देऊ नका. युरोपात २४ महिने थांबावं लागतं. आणि भाडेकरूचं नावही उघड नोंदीत आणा. आज खरा गोंधळ भाड्यातच आहे. पत्ता एकाच्या नावावर, वापरतो तिसराच, आणि फसवणूक झाली की पोलीस भलत्याच दारात.

आपला काय संबंध, असं म्हणू नका. आपल्याकडे नव्या इंटरनेटवाल्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. मग तो एकाच पत्त्यामागे शेकडो घरं जोडतो. त्यातल्या एकाने कुणाला गंडा घातला तर त्या पत्त्यावरून माणूस कसा ओळखणार? नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर यांची नोंद नसेल तर संशय सगळ्यांवरच.

खरा उपाय आयपीव्ही६ हाच. तिथे पत्त्यांचा तुटवडा नाही, आणि भारत त्यात बराच पुढे आहे. पण जगातलं शेवटचं जुनं यंत्र बदलेपर्यंत हा बाजार चालणार. तोवर वही सांभाळणाऱ्यावर नजर ठेवावीच लागेल. आपल्याकडे हे काम निक्सीच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन ही संस्था करते. पत्ते कुणाला दिले आणि कुणाच्या नावावर गेले, हे तिला विचारायला आपण कधी शिकणार?