शुल्काचा निर्णय पेरणीआधी सांगा

मा. केंद्रीय अर्थमंत्री, वस्त्रोद्योगमंत्री आणि कृषिमंत्री यांस,



परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आपल्या सरकारने 19 ऑगस्ट 2025 रोजी काढले. मुदत आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यातला पहिला-दुसरा वेचा बाजारात येतो, नेमके तेच हे महिने. जूनमध्ये आम्ही सरकी टोबली तेव्हा शुल्क होते. कापूस घरात आला तेव्हा नव्हते.

गिरण्यांची अडचण खरी आहे. अमेरिकेने 50 टक्के शुल्क लादल्यावर तिरुपूरच्या कपडे निर्यातदारांना महाग सूत परवडणार नव्हते. पण 32 मिलिमीटरहून लांब धाग्याचा कापूस, जो आपल्याकडे फार थोडा पिकतो, तो फेब्रुवारी 2024 पासूनच शुल्कमुक्त होता. 2022 मध्येही सवलत दिली होती, पण ती 14 एप्रिलपासून. तोवर बहुतेकांचा कापूस विकून झालेला असतो. एवढे तारतम्य 2025 मध्ये का राहिले नाही?

हमीभाव आहे ना, असे उत्तर मिळते. आहे, 2025-26 मध्ये तो लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये होता. पण हमीभाव मिळतो भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर, आणि तिथेही ओलावा 12 टक्क्यांच्या आत असेल तरच खरेदी होते. परतीच्या पावसात भिजलेला कापूस आणि दारात उभा घेणेकरी, अशा वेळी केंद्र उघडण्याची वाट कोण पाहणार? गावात आलेल्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने माल जातो, आणि तो भाव बाहेरच्या स्वस्त गाठी आणखी खाली ओढतात.

मुळात आयात वाढली ती पीक घटल्यामुळे. 2013-14 मध्ये देशात जवळपास 400 लाख गाठी झाल्या. 2024-25 मध्ये 300 लाखांच्या आसपास. आपली हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या घरात, ब्राझीलची जवळपास चौपट. 2006 मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी वाणाला गुलाबी बोंडअळी आता जुमानत नाही, आणि त्यानंतर कापसात तिला रोखणारे एकही नवे जनुकीय तंत्रज्ञान अधिकृतपणे आलेले नाही. तणनाशकाला न जुमानणारे चोरटे बियाणे मात्र पावतीशिवाय विकले जाते. ते फसले तर दाद कुणाकडे मागायची? 2025 च्या अर्थसंकल्पात आपण कापसासाठी 5 वर्षांचे अभियान जाहीर केले. त्यातून बोंडअळीला टिकणारे, पावतीसह मिळणारे बियाणे गावच्या कृषी केंद्रात आले पाहिजे.

शुल्काचा निर्णय दरवर्षी मेअखेर जाहीर करा आणि ऑक्टोबर ते मार्च सवलत देऊ नका. गिरण्यांना मदत जरूर करा, पण ती सरकारी तिजोरीतून करा. आणि खरेदी केंद्रे दसऱ्यापर्यंत उघडा.

आपला,
विदर्भातील एक कापूस उत्पादक