‘काकूंना जमत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी



हे लिहायला मी एक वर्ष उशीर केला आहे. गेल्या क्षमावाणीलाच लिहायला हवं होतं, पण तेव्हा राग होता, आणि क्षमावाणीच्या दिवशी राग लिहायचा नाही म्हणून थांबले. आता दशलक्षण पुन्हा जवळ आलंय. पुन्हा तेच होणार हे दिसतंय, म्हणून लिहिते.

पूर्वी भाद्रपद वद्य प्रतिपदेला आमच्या घरी सगळे जमायचे. आता मुलं पुण्याला, पुतण्या बंगळूरला, भाची अमेरिकेत. २०२० साली मंदिरं बंद होती तेव्हापासून आमची क्षमावाणी फोनवर आली ती तिथेच राहिली. रात्री साडेआठला कॉल, म्हणजे भाचीकडे सकाळ असते. माझी थोरली जाऊ रिसोडला असते, वय ७६. फोन नातवाने वापरून सोडलेला. वर्षभर आम्ही एकाच ॲपवर भेटत होतो, जाऊबाईंना ते नीट येत होतं. त्या दिवशी पुतण्याने दुसऱ्याच ॲपची लिंक पाठवली, कारण त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते आधीपासून होतं. जाऊबाईंनी लिंक दाबली. फोनने ॲप मागितलं. ॲप उतरवायला गेल्या तर जागा नाही म्हणाला. मग त्यांनी फोनमधले फोटो पुसले. कुठले पुसले, तर शिखरजीच्या यात्रेचे, कारण तेच सगळ्यात जास्त होते. जागा झाली, तेव्हा फोन म्हणाला की हे ॲप तुमच्या फोनवर चालत नाही.

इकडे आम्ही सतरा जण एकमेकांना दिसत होतो. कोणीतरी म्हणालं, “काकूंना जमत नाहीये, राहू द्या, उद्या फोन करू.” आणि आम्ही पुढे गेलो. मीसुद्धा गेले.

आता सांगायला हरकत नाही. आमच्या दोघींमध्ये चार वर्षांपासून सासूबाईंच्या पाटल्यांवरून बिनसलेलं होतं. त्या दिवशी दुपारी जाऊबाईंनी मला साधा फोन करून सांगितलं होतं, “रात्री ये हो, मला सगळ्यांसमोर बोलायचंय.” पंधरा दिवसांनी भेट झाली तेव्हा मी विचारलं, काय बोलणार होतात? म्हणाल्या, “जाऊ दे आता, झालं.” चहा झाला, मी परत कारंज्याला आले. अजून ते बोलणं झालेलं नाही.

मला त्या “जमत नाहीये” या शब्दावर बोलायचं आहे.

ज्या बाईने पन्नास वर्षं घर चालवलं, सोळा माणसांच्या पंगतीत कोणाला कंद चालत नाही, कोणाचा आज उपवास, कोणाचं एकाशन हे तोंडपाठ ठेवलं, तिला एक बटण दाबता येत नाही? तिने तर बटण दाबलं होतं. दार उघडलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि आपल्या घरातली शिकलेली मुलं तो फरक करत नाहीत.

साध्या फोनचं बघा. माझं कार्ड बीएसएनएलचं, जाऊबाईंचं जिओचं, भाचीचं अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीचं ते मला ठाऊकही नाही. नंबर फिरवला की लागतो. माझ्याकडे बटणांचा फोन असो की पन्नास हजारांचा, समोरच्याला कळतही नाही. तेवढंच नाही, २०११ च्या जानेवारीपासून आपल्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. हे कंपन्यांच्या चांगुलपणाने झालेलं नाही, सरकारने नियम केला म्हणून झालं. व्हिडिओ कॉलला असा नियम नाही. म्हणून झूमवरचा माणूस व्हॉट्सॲपवरच्या माणसाला हाक मारू शकत नाही. तंत्र नाही म्हणून अडलंय असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ब्राउझरमधून, म्हणजे ज्यात आपण गूगल उघडतो त्यातून, वेगळं ॲप न घेता चित्र आणि आवाज पाठवायची पद्धत सगळ्यांसाठी खुली आहे आणि २०२१ साली ती जागतिक मानक म्हणून मान्यही झाली.

ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० च्या जूनमध्ये फेसटाइम दाखवलं, तेव्हा ते सगळ्या उद्योगासाठी खुलं करू असं भर सभेत सांगितलं होतं. ते कधी झालं नाही. अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये, एवढंच झालं की आयफोनवाल्याने लिंक पाठवली तर आपल्यासारख्यांना ब्राउझरमधून आत जाता येतं. स्वतः कॉल सुरू करायचा तर त्यांचंच यंत्र हवं. पाहुणा म्हणून या, यजमान व्हायचं असेल तर आमच्याकडून खरेदी करा. मी बी.कॉम. आहे, मला हे समजायला तंत्रज्ञ लागत नाही. गिऱ्हाईक बांधून ठेवणं म्हणतात त्याला. युरोपात यावर कायदा झालाय. व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवेला, दुसऱ्या सेवेने मागितलं तर, दार उघडावं लागतं. आधी निरोपांसाठी, आणि कॉलसाठी चार वर्षांची मुदत दिली आहे. आपल्याकडे यावर कोणी ब्रही काढत नाही. आपण आपल्या सासवांना नावं ठेवतो.

आता स्वाध्यायाचं. आमच्या मंडळाचा ऑनलाइन स्वाध्याय सुरू झाला तेव्हा झूम होतं. आपल्या सामायिकाचा काळ दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद होते. आठ मिनिटं उरलेली असताना सगळ्या जणी बाहेर! मग पुन्हा लिंक, पुन्हा “आवाज येतोय का”, आणि चाळिसातल्या अठ्ठावीस परत येणार. या ४० मिनिटांना आमच्या मंडळात कोणी ‘सेवा’ म्हणालं होतं. सेवा कसली, दुकानातला चाखायला दिलेला तुकडा आहे तो. त्यात वाईट काही नाही, आपणही व्यापाऱ्यांच्याच घरच्या. पण तुकडा चाखून पोट का भरलं नाही म्हणून आपल्यालाच बोलणार असाल तर ऐकून घेणार नाही.

नंतर गूगल मीट झालं, त्याचा तासाभराचा वेळ आपल्याला पुरतो. मग कोणाच्या जावयाने सांगितलं म्हणून आणखी एक. व्हॉट्सॲपवर एका कॉलला ३२ जणी मावतात, आम्ही चाळीस, म्हणजे आठ जणींनी काय करायचं? या सगळ्या खटपटीला कंटाळून कार्यकर्त्यांनी गेल्या वर्षी तोडगा काढला की यूट्यूबवर लाइव्ह लावू, ते सगळ्यांच्या फोनवर दिसतं.

दिसतं, खरं आहे. पण दशलक्षणात आपण रोज एक अध्याय करत तत्त्वार्थसूत्र वाचतो ना? नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे प्रकार आलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. यातली पृच्छना, म्हणजे विचारणं, यूट्यूबवर कुठून करायची? चॅटमध्ये लिहा म्हणाले. मराठी टाइप करता करता पंडितजी दोन सूत्रं पुढे जातात. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या बायकांना तर हे वेगळं समजावून सांगायला नको. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दाराला १९८१ पासून २०२३ च्या मार्चपर्यंत कुलूप होतं. त्या वादात कोणाचं बरोबर यात मी पडत नाही, ते बघायला कोर्ट आहे. पण आपण सगळ्यांनी तिथे झरोक्यातून दर्शन घेतलंय. मूर्ती दिसायची, डोळे भरून यायचे, आणि तरी आपण बाहेर आहोत हे कळायचं. यूट्यूबवरचा स्वाध्याय मला तसा वाटतो. पुरुष मंडळी मंदिरात पंडितजींसमोर बसून विचारणार, आणि आम्ही घरी झरोक्याशी.

काही जणी म्हणतील, धर्म स्क्रीनवर नकोच, मंदिरात जावं. मलाही मंदिरच हवं. माझे गुडघे चांगले आहेत तोवर मी जाणारच. पण खेड्यात एकट्या राहिलेल्या आपल्या बायका आहेत, जिथे आपलं एकच घर उरलंय आणि पावसाळ्यात संध्याकाळनंतर बस नाही. ज्यांची कंबर मोडली आहे त्या आहेत. मुलाकडे परगावी गेलेल्या आहेत, जिथे आसपास चैत्यालय नाही. त्यांना ‘मंदिरात या’ म्हणणं सोपं आहे, विशेषतः मंदिराच्या गल्लीत राहून. आणि समवसरणाचं वर्णन आपण लहानपणापासून ऐकतो: चारी दिशांना दारं, बारा सभा, पशूंनाही जागा, आणि वाणी ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळते. तिथे कोणाला ‘आधी अपडेट करून या’ म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून माझं मंडळाच्या कार्यकर्त्यांना आणि आपापल्या घरच्या मुलांना म्हणणं आहे. ॲप निवडताना तुमच्या लॅपटॉपवर काय आहे ते पाहू नका. मंडळातला सगळ्यात जुना फोन कोणाचा आहे तो शोधा, आणि त्यावर जे उघडेल ते घ्या. एकदा घेतलं की दशलक्षण संपेपर्यंत बदलू नका. लिंक रोज नवी नको, दहा दिवस एकच ठेवा. लिंकबरोबर एका माणसाचा फोन नंबर द्या, आणि त्या माणसाने त्या वेळी कॉलमध्ये न बसता फोन उचलायचा. आणि कोणी आत येऊ शकत नसेल तर दोन मिनिटं थांबा. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत आपण थांबतो ना?

घरातल्या मुलांना एक वेगळं सांगते. आईच्या हातातून फोन ओढून घेऊन, दोन सेकंदांत काहीतरी करून, “हे घे” म्हणून परत देऊ नका. तिला काही कळत नाही ते त्यामुळेच. तिच्या बोटाने करू द्या, तुम्ही हात मागे बांधून बसा.

राहिलो आपण. ‘मला नाही बाई त्यातलं कळत’ हे वाक्य आपण इतक्यांदा म्हणतो की समोरच्याला सोयीचं झालंय. मीही म्हणायचे. कंप्युटरवर झूमची लिंक उघडली की ते आधी ॲप उतरवायला सांगतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘जॉइन फ्रॉम युवर ब्राउझर’ असं असतं. ते दाबलं की काहीही न उतरवता आत जाता येतं. हे मला दोन वर्षांनी कळलं. मला कळायला वेळ लागला कारण ते बारीक अक्षरात होतं, आणि ते बारीक का ठेवलंय हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल.

पुतण्याला मी यंदा आधीच फोन केला. आधी थोडा चिडला, “काकू, एवढं काय त्यात?” मी त्याला पाटल्यांची गोष्ट सांगितली. गप्प झाला. मग म्हणाला, रिसोडला फोन करून आधी मोठ्या काकूंच्या फोनवर लावून बघतो. बघितलंही. मागचंच ॲप राहणार आहे.

आता कारंज्यातल्या आणि आसपासच्या सख्यांसाठी. भाद्रपद शुद्ध पंचमीच्या आधीच्या रविवारी दुपारी तीन वाजता माझ्याकडे या. फोन कितीही जुना असू द्या, लाज वाटून सुनेचा आणू नका. चार्जर आणि गूगल खात्याचा पासवर्ड लिहिलेला कागद आणा. वहीत लिहिला असेल तर वही आणा, मी बघणार नाही. प्रत्येकीने आपल्या हाताने एकदा आत जायचं, एकदा बाहेर यायचं, आणि एक प्रश्न विचारायचा. फोटो कोणाचेही पुसायचे नाहीत, जागा करायच्या दुसऱ्या युक्त्या मी शिकून ठेवल्या आहेत. सूर्यास्ताच्या आत सगळ्या जेवायला घरी पोचाल.