विरळणीचा संकोच नको

परसबाग ही आता कोणास नवलाची गोष्ट राहिलेली नाही. न्हाणीच्या पाण्यावर अळू, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात कढीलिंब असा थाट पुष्कळ घरी दिसतो. गाजर, मुळा आणि बीट यांस मात्र तेथे क्वचितच स्थान मिळते. ज्यांनी एकदा लावून पाहिले, त्यांची तक्रार ठरलेली असते : “नुसता पाला माजला, खाली बोटाएवढेही मूळ धरले नाही.” मग दोष जमिनीस किंवा बियाण्यास दिला जातो. आमच्या मते खरा दोष बहुधा आपल्या संकोचाचा असतो. उगवलेले रोप उपटण्यास आपला हात धजत नाही.

मेथी दाट पेरली तरी चालते. वांग्याची जादा रोपे उचलून दुसऱ्या वाफ्यात लावता येतात. गाजराचे तसे नाही. ते स्थलांतर सोशीत नाही. मुळाचे टोक दुखावले की त्यास फाटे फुटतात. म्हणून बी कायम जागीच पेरावे आणि गर्दी झाली की जादा रोपे काढून टाकावीत, यावाचून मार्ग नाही. बीटाचे तर आपण ज्यास एक बी म्हणतो, तो पुष्कळदा अनेक बियांचा गुच्छ असतो. कितीही हात राखून पेरले तरी एका जागी दोन-तीन रोपे उगवणारच!

थोडा हिशेब पाहू. २ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यात ३० सेंटिमीटर अंतरावर तीन ओळी बसतात. प्रत्येक रोपास ८ सेंटिमीटर जागा दिली, तर सुमारे ७५ गाजरे होतात. एक गाजर ६० ग्रॅमचे धरले तरी साडेचार किलो माल झाला. याच वाफ्यात तीनशे रोपे राखली, तर तीनशे दोरे हाती येतील, गाजर एकही नाही.

शिवाय विरळणीत वाया काहीच जात नाही. रोपे बोटभर उंच झाली की पाणी देऊन पहिली विरळणी करावी. मुळ्याचा व बीटाचा तो कोवळा पाला भाजीस उत्तम. गाजराची दुसरी विरळणी दोन-तीन आठवड्यांनी करावी. त्या वेळी निघणारी बारीक गाजरे कोशिंबिरीस चालतात. उरलेल्या रोपांच्या बुडाशी माती लावावी, म्हणजे गाजराचा माथा हिरवा पडत नाही.

पूर्वतयारी सोपी आहे. आपली काळी जमीन भारी असते. तेव्हा वाफा उंच करून त्याची माती वीतभर खोल भुसभुशीत करावी आणि खडे वेचून टाकावेत. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे; ताज्या खतानेही मुळास फाटे फुटतात. गाजराचे बी बारीक असते. ते वाळूत मिसळून उथळ पेरावे आणि उगवेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा दिवस, ओल मोडू देऊ नये. पुढे पाणी नियमित द्यावे, नाहीतर मुळे तडकतात. कच्च्या खावयाच्या या मुळांस सांडपाणी मात्र कदापि देऊ नये.

“बाजारात गाजर स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशास?” असे कोणी म्हणेल. बाजारातून आणावयाची वस्तू पैसे असतील त्या दिवशीच घरी येते. परसातील वस्तू रोज हाताशी असते. गाजरातील कॅरोटीनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते आणि मुलांच्या दृष्टीस ते अवश्य लागते. कोशिंबिरीवर थोड्या तेलाची फोडणी घातल्यास ते अंगी अधिक लागते. ज्या घरी दूध-लोणी बेताचे, त्या घरी या वाफ्याचे मोल अधिक आहे.

ऑक्टोबरच्या आरंभी पेरलेले गाजर साधारण शंभर दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, काढणीस येते. भोगीच्या भाजीत आणि सुगडात आपल्या परसातील गाजर पडावे, असे ज्या गृहिणीस वाटते, तिने यंदा एक वाफा अवश्य करावा. आणि विरळणीच्या दिवशी मन घट्ट करावे. चार रोपांतून तीन उपटणे म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. उरलेल्या एकास वाढू देणे होय.