कडुनिंब तोडला, फरशी बसवली

आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या अंगणात एक कडुनिंब होता. पानांचा कचरा होतो, पक्षी घाण करतात, जुम्याला जागा कमी पडते, अशी कारणे सांगून चार वर्षांपूर्वी तो तोडला आणि अंगणात गुळगुळीत फरशी बसवली. त्या फरशीसाठी वर्गणी देणाऱ्यांत मीही होतो. आज एप्रिलमध्ये जोहरच्या नमाजला त्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. आता तिथे पत्र्याची शेड टाकायची म्हणून पुन्हा वर्गणी सुरू झाली आहे.

मी मालेगावचा. इथे उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जाणे ही आता बातमी राहिलेली नाही. पण एकाच शहरात ऊन सगळ्यांना सारखे लागत नाही. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री ती बाहेर सोडतात. झाड सावली देते, शिवाय पानांवाटे पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवा थंड करते. त्यामुळे झाडे असलेल्या कॉलनीतली रात्र वेगळी आणि भिंतीला भिंत लागलेल्या मोहल्ल्यातली रात्र वेगळी. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कामगार तर भर दुपारी पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो.

'आधी गटार, पाणी, शाळा. झाडांचे नंतर बघू,' असे आपल्याकडे अनेकजण म्हणतात. मे 2010 मध्ये अहमदाबादचा पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात तिथे नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले. त्यातून धडा घेऊन 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. म्हणजे सावली ही चैन नाही. पाणी आणि गटार यांच्याच यादीत तिचे नाव हवे.

ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असावे लागते, दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हावी लागते आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांपेक्षा जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण दिले. आपल्या प्रभागात किती झाडे मोजली गेली? विकास आराखड्यात बागेसाठी राखलेल्या जागेवर आज काय उभे आहे? माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज करून हे विचारता येते. आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

पण महापालिकेकडे बोट दाखवताना स्वतःच्या अंगणाकडेही बघायला हवे. दाट मोहल्ल्यांत मोकळी माती उरली आहे ती बहुतेक कब्रस्तानातच. तिथेच जुनी झाडे आहेत, तिथेच पावसाचे पाणी जमिनीत मुरते. आणि तिथेही आता पक्क्या कबरी, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचे रस्ते वाढत चालले आहेत. जनाजा नेण्यापुरती एक पायवाट पक्की असावी, बाकी माती मातीच राहू द्यावी. वजूचे पाणी दिवसातून पाच वेळा गटारात जाते. एक साधा पाइप आणि खड्डा केला तर त्यावर करंज, कडुनिंब सहज जगतील. झाड लावणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून बयानांत ऐकत आलो आहोत. फोटो काढून रोप लावणारे पुष्कळ असतात. खरा सदका म्हणजे पुढचे तीन उन्हाळे त्याला पाणी घालणे.

येत्या जुम्याला शेडच्या वर्गणीची पेटी माझ्यासमोर येईल. मी पैसे देईन, पण कमिटीतल्या बुजुर्गांसमोर एक विनंतीही ठेवणार आहे: कोपऱ्यातल्या चार फरश्या उखडा आणि तेवढी माती मोकळी करा. रोप मी आणतो. त्याला पाणी घालायची जबाबदारीही माझी. कडुनिंब तोडताना मी गप्प बसलो होतो, त्याची एवढी तरी भरपाई मला करायची आहे.