छायाचित्राखालची ओळ

जगभरातील चित्रविचित्र, थक्क करणारी आणि हसवणारी छायाचित्रे पाहण्याची हौस आता सार्वत्रिक झाली आहे. एकाने पाठवायची, दुसऱ्याने क्षणभर विस्मित होऊन तिसऱ्याकडे सरकवायची, असा हा व्यवहार. या व्यवहाराकडे साहित्याच्या अभ्यासकांनी तुच्छतेने पाहू नये, असे मला वाटते. कारण या चित्रांत आपल्याला थक्क करते ते पुष्कळदा चित्र नसतेच. त्याखालची एक ओळ असते. आणि ओळ हा तर आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

छायाचित्रणाच्या अगदी बाल्यावस्थेतले उदाहरण पाहावे. १८३९ मध्ये या शोधाचे श्रेय दागेर याला मिळाले. त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच शोध लावणारा ईपोलीत बायार उपेक्षित राहिला. १८४० मध्ये त्याने स्वतःचे एक छायाचित्र घेतले. त्यात तो डोळे मिटून, उघड्या अंगाने कलंडलेला दिसतो. चित्राच्या मागे त्याने लिहिले की हे प्रेत बायारचे असून उपेक्षेने खचून त्याने पाण्यात जीव दिला. बायार त्यानंतर अनेक वर्षे जगला! चित्रात डुलकी घेणारा एक माणूस आहे. त्याचे प्रेत केले ते मागच्या मजकुराने.

१९१७ मध्ये इंग्लंडमधील कॉटिंग्ले येथे दोन मुलींनी कागदी पऱ्या कापून त्यांची छायाचित्रे काढली आणि शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने ती खरी मानून त्यांवर पुस्तक लिहिले. बनाव केल्याची कबुली त्या मुलींनी वृद्धापकाळी, १९८३ मध्ये दिली. आपल्याकडचा नमुना म्हणजे 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत'. हे चित्र मुळात अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून केलेले. १९९२, १९९८ आणि २००३ या वर्षी नव्याने दिसू लागलेले दिवे त्यात वेगवेगळ्या रंगांनी दाखवले आहेत. म्हणजे तो आपल्या वाढत्या वस्तीचा आणि विजेचा आलेख. दिवाळीची ओळ त्याला कोणीतरी नंतर चिकटवली. २०१२ मध्ये 'नासा'ने खुलासा केला, तरी दर दिवाळीला ते चित्र नव्याने उगवतेच.

इथवर सारे गमतीचे आहे. परंतु आम्हा पारोळेकरांच्या जिव्हाळ्याचे एक छायाचित्र आहे आणि तेथे गंमत संपते. मोरोपंत तांबे यांच्या घराण्यामुळे पारोळा हे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेर मानले जाते. झाशीच्या नेवाळकरांचेही या गावाशी नाते होते. त्यामुळे 'राणी लक्ष्मीबाईंचे एकमेव अस्सल छायाचित्र' म्हणून फिरणारे चित्र येथे भक्तिभावाने पाहिले जाणार, यात नवल नाही. दागिन्यांनी मढलेली एक स्त्री त्यात बसलेली दिसते. १८५० मध्ये हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने ते टिपले, अशी ओळ सोबत असते. २००९ मध्ये भोपाळच्या एका प्रदर्शनानंतर त्याचा बोलबाला झाला.

ही ओळ वाचणाऱ्याने काही साधे प्रश्न विचारावेत. १८५० मध्ये गंगाधरराव हयात होते. ते १८५३ मध्ये वारले. संस्थानिकाच्या पत्नीचे छायाचित्र परक्या पुरुषाने घेतल्याची समकालीन नोंद कोठे आहे? १८५४ मध्ये जॉन लँग हा वकील राणींच्या बोलावण्यावरून झाशीस गेला, तेव्हा त्या पडद्याआडून बोलल्या. दत्तक पुत्राने पडदा सरकवल्यामुळे त्याला त्यांचे क्षणभर दर्शन झाले, असे त्यानेच लिहिले आहे. हॉफमन हे नाव भारतीय छायाचित्रणात ठळकपणे येते ते कोलकात्याच्या 'जॉन्स्टन अँड हॉफमन' या पेढीमुळे. ती पेढी १८८२ च्या सुमाराची, राणींच्या हौतात्म्यानंतर जवळजवळ पाव शतकाने निघालेली. यांपैकी एकही मुद्दा एकटा निर्णायक नाही. मात्र सारे एकत्र घेतले म्हणजे 'अस्सल' या शब्दामागे कोणताही आधार उरत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की श्रद्धेने पाहणाऱ्यांचे समाधान हिरावून काय साधणार? मला हा आक्षेप उलटा वाटतो. राणींवर खरे प्रेम असेल तर कोणा अनामिक स्त्रीचा चेहरा त्यांच्यावर का लादावा? त्या स्त्रीचे स्वतःचे नाव पुसले गेले, हाही अन्यायच. राणींचे दर्शन घ्यायचे तर मराठीत त्याची सोय आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष अडकले होते आणि त्यांनी आपला प्रवास लिहून ठेवला. तेथेही चिकित्सा सुटत नाहीच. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मजकूर पुष्कळ बदललेला होता. मूळ हस्तलिखितावरून 'माझा प्रवास' वाचकांपुढे आणला तो १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी. पोथीच्या बाबतीत प्रत कोणाची, लेखक कोण, मजकूर कोणी घातला वा गाळला, हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तोच विद्यार्थी भ्रमणध्वनीवरच्या चित्राला यांतले काहीही विचारत नाही.

याची किंमत आमच्या खानदेशाने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची, पोटासाठी गावोगाव हिंडणारी. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. तिच्या अखेरीस मोटारसायकलवाला मुलाला परत आणून सोडतो आणि सावधगिरीचा फलक दाखवतो. तेवढाच भाग कापला गेला होता. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर संहितेची अखेरची ओळ गाळली गेली आणि अर्थ नेमका उलटा झाला.

तेव्हा 'हे काम पत्रकारितेच्या विभागाचे' असे म्हणून मराठीच्या प्राध्यापकांनी अंग काढून घेऊ नये. प्रक्षेप, पाठभेद, कर्तृत्वनिश्चिती ही आपलीच अवजारे आहेत आणि ती आज पोथ्यांपेक्षा चित्रांना अधिक लागतात. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एखादा तास अशा एका चित्रासाठी द्यावा. ओळ झाकून चित्र दाखवावे आणि काय दिसते ते लिहायला सांगावे. मग ओळ उघडावी आणि आता काय 'दिसू' लागले तेही लिहायला सांगावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की चित्र कोठे संपते आणि आपली श्रद्धा, भय वा हौस कोठे सुरू होते, हे विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.